कॅम्पसचं नेटवर्क आणि डोमेन नावं: पुण्यातल्या विद्यार्थी-प्राध्यापकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होस्टेलच्या खोल्यांतून, विभागांच्या कार्यालयांतून आणि प्रयोगशाळांतून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक तक्रारी 'नेट बंद आहे' एवढ्याच शब्दांत येतात, पण त्यामागे दोन अगदी वेगळे बिघाड असतात. कधी वाट तुटलेली असते, तर कधी वाट शाबूत असून नावाचा पत्ता लागत नसतो. यांतलं काय झालंय हे पाच मिनिटांत तुमचं तुम्हाला ओळखता येतं.

पत्ते आणि आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा.

१. डोमेन नाव आणि वेबसाइट एकच का?

नाही. डोमेन म्हणजे नुसतं नाव. वेबसाइट म्हणजे कुठल्यातरी सर्व्हरवर ठेवलेली पानं. एकाच नावाखाली वेबसाइट एका सर्व्हरवर आणि ईमेल दुसऱ्याच कंपनीकडे, असं सर्रास असतं. म्हणून वेबसाइट बंद पडली तरी ईमेल चालू राहू शकतं.

नाव वाचायचं उजवीकडून. पाकिटावर आपण घर, रस्ता, पुणे, पिनकोड अशा क्रमाने लिहितो, पण टपाल खातं आधी ४११००७ पाहून पाकीट गणेशखिंडीकडे वळवतं. घर शोधणं शेवटी, पोस्टमनकडे. युनिपुणे.एसी.इन हे नावही तसंच उलगडतं: 'इन' हा देश, 'एसी' म्हणजे शैक्षणिक संस्था, 'युनिपुणे' ही त्यातली एक संस्था. त्याच्या डावीकडे काय लावायचं, हे त्या संस्थेनं ठरवायचं.

२. नाव टाकल्यावर त्याचा आकडा, म्हणजे आयपी पत्ता, शोधून कोण देतं?

कॅम्पसमधला डीएनएस सर्व्हर, म्हणजे नावावरून आकडा सांगणारा संगणक. तुमचा फोन फक्त त्याला विचारतो, पुढची पायपीट तो करतो. उत्तर माहीत नसेल तर तो आधी मूळ सर्व्हरांकडे जातो. त्यांना ए ते एम अशी १३ नावं आहेत, प्रत्यक्ष यंत्रं मात्र जगभर शेकड्यांनी आहेत. मूळ सर्व्हर 'इन' सांभाळणाऱ्यांचा पत्ता देतात, ते पुढे 'एसी.इन'कडे बोट दाखवतात आणि शेवटी संस्थेचा स्वतःचा नेमसर्व्हर आकडा सांगतो. हे सगळं बहुतेक वेळा सेकंदाच्या आत उरकतं. मिळालेलं उत्तर ठरलेल्या मुदतीपर्यंत जवळ ठेवलं जातं. ही मुदत म्हणजे टीटीएल, आणि तिच्यामुळे होणारा घोळ प्रश्न १२ मध्ये आहे.

१९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी ही व्यवस्था मांडली. त्याआधी नेटवर्कवरच्या सगळ्या संगणकांची नावं एकाच फाइलमध्ये असत आणि प्रत्येकाला ती फाइल उतरवून घ्यावी लागे.

३. एसी.इन, ईडीयू.इन, आरईएस.इन यांत फरक काय? एसी.इन नसेल तर साइट खोटी समजायची का?

ही तिन्ही टोकं एरनेट इंडिया या सरकारी संस्थेमार्फतच मिळतात आणि त्यासाठी संस्थेची कागदपत्रं तपासली जातात. एसी.इन विद्यापीठं आणि उच्चशिक्षण संस्थांसाठी, आरईएस.इन संशोधन संस्थांसाठी, ईडीयू.इन इतर शिक्षणसंस्थांसाठी, अशी ढोबळ वाटणी आहे. नुसतं 'इन' किंवा 'ओआरजी.इन' मात्र कुणालाही विकत घेता येतं.

म्हणून एसी.इन असणं ही चांगली खूण आहे, पण नसणं हा पुरावा नाही. गणेशखिंडीतली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था एकेकाळी आयुका.एरनेट.इन या पत्त्यावर होती, आता आयुका.इन वर आहे. सीओईपी हे अभियांत्रिकी महाविद्यालय वर्षानुवर्षं सीओईपी.ओआरजी.इन वर होतं. २०२२ मध्ये ते विद्यापीठ झालं आणि सीओईपीटेक.एसी.इन वर आलं. फसवणूक ओळखायची तर टोकाच्या लगेच डावीकडचा शब्द पाहा. 'निकाल.युनिपुणे.एसी.इन' असा पत्ता फक्त विद्यापीठच तयार करू शकतं, पण 'युनिपुणे-निकाल.इन' असं नाव कुणीही, अगदी आज संध्याकाळी, घेऊ शकतो.

४. आमच्या विभागाला किंवा फेस्टिव्हलला वेबसाइट करायची आहे. बाहेरून डोमेन घेऊ का?

घेऊ नका. संस्थेच्या नावाखालचं उपडोमेन मागा. त्याला पैसे पडत नाहीत आणि ते कधी संपतही नाही. आमचा याबाबत आग्रह आहे, कारण ठरावीक गोष्ट पुन्हापुन्हा घडते. उत्साही विद्यार्थी स्वतःच्या कार्डावरून आणि स्वतःच्या ईमेलवरून डोमेन घेतो, दोन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडतो, नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर जाते. नाव सुटतं, दुसरा कुणी ते उचलतो आणि विभागाच्या छापील माहितीपत्रकातल्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात दिसू लागते. ते नाव परत मिळवण्याचा हमखास मार्ग नसतो. नाव संस्थेचं असतं, तेव्हा ते संस्थेच्याच ताब्यात असलं पाहिजे.

अर्जात चार गोष्टी लिहा. हवं असलेलं नाव, साइट कुठे ठेवणार तो पत्ता, जबाबदार कायम कर्मचारी, आणि कार्यक्रम तात्पुरता असेल तर नाव कधी काढायचं ती तारीख. पत्ता आकड्यात असेल तर 'ए' नोंद होते, बाहेरच्या सेवेचं नाव असेल तर 'सीनेम'. संपर्कासाठी व्यक्तीचा नव्हे, पदाचा ईमेल द्या.

ती शेवटची तारीख बहुतेक अर्जांत रिकामी असते, आणि त्यातूनच धोका उभा राहतो. फेस्टिव्हल संपतो, मोफत होस्टिंगवरचं खातं बंद होतं, पण आपली सीनेम नोंद तिकडेच बोट दाखवत राहते. काही सेवांवर तेच नाव दुसऱ्याला घेता येतं. मग विद्यापीठाच्या नावाखाली त्याची पानं उघडतात आणि पाहणाऱ्याला शंकाही येत नाही.

नावाचे नियम थोडके आहेत: अक्षरं, आकडे आणि मधली आडवी रेघ चालते, सुरुवातीला किंवा शेवटी रेघ चालत नाही, अंडरस्कोर वापरू नका. दोन टिंबांमधला एक तुकडा जास्तीत जास्त ६३ अक्षरांचा. पण एवढं लांब नाव पोस्टरवरून कोण टाइप करणार? दहा-बारा अक्षरं पुरेत.

५. मराठीत डोमेन नाव घेता येतं का?

येतं. देवनागरी '.भारत' २०१४ पासून सुरू आहे. आतून हे नाव 'एक्सएन' आणि दोन रेघांनी सुरू होणाऱ्या रोमन रूपात साठवलं जातं, म्हणून कधीकधी ब्राउझरमध्ये तसा अगम्य मजकूर दिसतो. तो बिघाड नव्हे.

अडचण मराठीच्या खास अक्षरांची. 'ऱ्य' दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साध्या र नंतर न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. त्यामुळे नावात 'ऱ्य', 'ऱ्ह' टाळलेलं बरं. ऱ्हस्व-दीर्घाचं तेच: वाचणारा 'विद्यार्थी'तला थ ऱ्हस्व लिहून मोकळा होतो आणि साइट सापडत नाही. मराठी नाव घ्या, जरूर घ्या, पण सोबत रोमन पत्ताही चालू ठेवा. ईमेलसाठी तर तोच वापरा, कारण अनेक ऑनलाइन अर्ज देवनागरी ईमेल पत्ता अजून स्वीकारत नाहीत.

६. माझा आयपी १० ने सुरू होतो. बाहेरच्या साइटला मात्र वेगळाच दिसतो. असं का?

१०.०.०.० ते १०.२५५.२५५.२५५, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखलेले आहेत. ते इंटरनेटवर फिरत नाहीत. बाहेर पडताना कॅम्पसचा फायरवॉल तुमच्या पत्त्याच्या जागी संस्थेचा सार्वजनिक पत्ता लावतो. म्हणजे हजारो माणसं बाहेर मोजक्या पत्त्यांनीच ओळखली जातात. प्रश्न ११ चं उत्तर यातच आहे.

यातून आणखी एक त्रास निघतो. होस्टेलच्या एका इमारतीला २५४ पत्ते दिलेत आणि शंभर खोल्यांत प्रत्येकी दोन विद्यार्थी, प्रत्येकाचा फोन आणि लॅपटॉप, म्हणजे ४०० उपकरणं. रात्री सगळे परतले की पत्ते संपतात. वर पत्त्याची मुदत लांबलचक असेल तर सकाळी गावी गेलेल्याचा पत्ताही अडकून राहतो. विंडोज सर्व्हरवर ही मुदत न बदलल्यास ८ दिवसांची असते. होस्टेलला १०२२ पत्त्यांचा गट आणि काही तासांची मुदत ठेवली की हे मिटतं.

७. वायफायला कनेक्ट होतं, पण काहीच उघडत नाही. कुठून तपासू?

क्रमाने जा आणि जिथे अडलं तिथे थांबा. बिघाड तिथेच आहे.

आधी लॉगिन झालंय का पाहा, कारण लॉगिनशिवाय पुढचं काही चालणार नाही. पान येत नसेल तर प्रश्न ८.

मग आयपी पाहा. विंडोजवर 'आयपीकॉन्फिग', लिनक्सवर 'आयपी ए', फोनवर वायफायच्या नावाखालचा तपशील. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर तुम्हाला पत्ता मिळालेलाच नाही, तो उपकरणानं स्वतःच लावून घेतलाय. कारण प्रश्न ६ किंवा ९ मध्ये सापडेल.

पत्ता बरोबर असेल तर 'गेटवे' (तुमच्या नेटवर्कमधून बाहेर पडायचं दार) पिंग करा, म्हणजे 'पिंग' लिहून पुढे त्याचा आकडा द्या. तो तिथेच दिसतो, लिनक्सवर मात्र 'आयपी आर' द्यावं लागतं. उत्तर नाही, तर तुमच्या इमारतीतच अडलंय. उत्तर आलं तर ८.८.८.८ (गूगलचा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर) पिंग करा. हे नाव नसून आकडा असल्यामुळे डीएनएसचा संबंध येत नाही. इथपर्यंत पोचलात तर वाट शाबूत आहे. काही कॅम्पसवर बाहेरचं पिंग मुद्दाम बंद असतं, म्हणून एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका, पुढची पायरी कराच.

शेवटी 'एनएसलुकअप' लिहून पुढे एखादी साइट द्या. आकडा आला तर डीएनएस ठीक आणि दोष ब्राउझरचा किंवा त्या साइटचा. 'टाइम्ड आउट' आलं तर डीएनएस सर्व्हर उत्तर देत नाही. 'नॉन-एक्झिस्टंट डोमेन' आलं तर सर्व्हर जिवंत आहे, पण ते नाव त्याला मिळत नाही: टाइप करताना चूक, नाहीतर प्रश्न १०.

८. लॉगिनचं पान उघडतच नाही.

हे पान तुमची विनंती मध्येच वळवून दाखवलं जातं. एचटीटीपीएस साइट अशी वळवता येत नाही, ब्राउझर ती घुसखोरी समजून अडवतो. म्हणून साध्या एचटीटीपीने सुरू होणारा पत्ता टाका, किंवा गेटवेचा आकडाच टाकून बघा. तरी नाही आलं तर व्हीपीएन बंद करा, अँड्रॉइडमधलं 'प्रायव्हेट डीएनएस' बंद करा आणि तारीख-वेळ पाहा. बॅटरी पूर्ण उतरलेल्या जुन्या लॅपटॉपची तारीख मागे गेली की सगळी प्रमाणपत्रं त्याला अवैध वाटतात.

रोज नव्यानं लॉगिन मागत असेल तर कारण बहुधा फोनचं बदलतं ओळखचिन्ह. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन खरा मॅक पत्ता लपवतो. फक्त कॅम्पसच्या वायफायपुरतं ते बंद करा, बाकी ठिकाणी चालूच ठेवा.

९. आमच्या मजल्यावर अचानक १९२.१६८.०, १९२.१६८.१ असे पत्ते मिळू लागले आणि नेट गेलं.

कुणीतरी खोलीत घरचा राउटर लावलाय आणि भिंतीतली केबल त्याच्या लॅन खाचेत खोचली आहे. त्या राउटरमधला डीएचसीपी, म्हणजे आयपी पत्ते वाटणारी सेवा, मजल्यावर पत्ते वाटत सुटतो. कॅम्पसच्या सर्व्हरआधी त्याचं उत्तर पोचलं की शेजारच्या खोल्या त्याच्यामागे जातात. कमांड खिडकीत 'आयपीकॉन्फिग /ऑल' दिल्यावर डीएचसीपी सर्व्हरचा पत्ता दिसतो, तो लिहून पाठवा. स्विचवर, म्हणजे मजल्याच्या केबल जोडणाऱ्या पेटीवर, त्याचा मॅक शोधून नेमकी खोली काढता येते. 'डीएचसीपी स्नूपिंग' (परक्या डीएचसीपीला अडवणारी सोय) चालू असलेल्या स्विचवर हा प्रकार होतच नाही, म्हणून नवे स्विच लावताना ते चालू केलंय का हे नक्की विचारा.

याचाच भाऊ म्हणजे लूप. एका केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये गेली की तोच संदेश गरगर फिरतो आणि अख्खी इमारत बसते. सगळे दिवे एका लयीत वेड्यासारखे लुकलुकताना दिसले तर हेच. प्रयोगशाळेत टेबलं हलवून साफसफाई झाल्यावर हमखास घडतं: मोकळं टोक दिसतं आणि कुणीतरी सद्भावनेनं ते खोचतो.

१०. विद्यापीठाची अंतर्गत साइट मित्राला उघडते, मला त्याच खोलीत नाही.

तुम्ही डीएनएस स्वतः ८.८.८.८ किंवा १.१.१.१ करून ठेवलाय का? काही नावं फक्त कॅम्पसच्या डीएनएसला ठाऊक असतात, काहींना तो आत खासगी आणि बाहेर सार्वजनिक असं दुहेरी उत्तर देतो. बाहेरच्या डीएनएसला अंतर्गत नाव माहीतच नसतं. डीएनएस 'आपोआप' वर ठेवा. फोनवर 'प्रायव्हेट डीएनएस' आणि ब्राउझरमधला 'सिक्युअर डीएनएस' हेही तेच करतात, आणि ते बदललेलं लक्षात राहत नाही.

११. संशोधन नियतकालिकं लायब्ररीत उघडतात, घरी पैसे मागतात.

प्रकाशक तुम्हाला तुमच्या नावानं ओळखत नाही, संस्थेच्या सार्वजनिक आयपीनं ओळखतो. कोथरूडच्या घरचा आयपी त्याच्या यादीत नाही. संस्थेचा व्हीपीएन किंवा ग्रंथालयाचं दूरस्थ लॉगिन वापरा. अनेक संस्थांत ते इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राच्या इन्फेड सेवेमार्फत मिळतं. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या सरकारी योजनेतली नियतकालिकं पाहतानाही आधी ग्रंथपालांकडून आपल्या संस्थेची पद्धत समजून घ्या.

उलटा प्रकारही होतो. कॅम्पसमध्ये बसूनही उघडत नसेल तर फोन मोबाइल डेटावर गेलाय किंवा एखादा मोफत व्हीपीएन चालू आहे.

१२. साइट नव्या सर्व्हरवर नेली. काहींना नवी दिसते, काहींना जुनीच.

जुनं उत्तर ठिकठिकाणी साठलेलं आहे आणि त्याची टीटीएल संपलेली नाही. ८६४०० सेकंद असेल तर पूर्ण दिवस जाईल. आता करण्यासारखं फार नाही. स्वतःच्या संगणकावर 'आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस' द्या आणि थांबा.

पुढच्या वेळी मात्र किमान एक दिवस आधी टीटीएल ३०० करा, मग आकडा बदला. जुना सर्व्हर दोन दिवस चालू ठेवा आणि नंतर टीटीएल पूर्ववत करा. प्रवेश अर्ज चालू असताना तर जुन्या सर्व्हरवरचा अर्ज तात्पुरता बंद ठेवा, नाहीतर काही अर्ज जुन्या डेटाबेसमध्येच पडून राहतील. त्यात विद्यार्थ्याचा प्रवेश बुडू शकतो, म्हणून हे विसरू नका.

१३. विभागाचे ईमेल विद्यार्थ्यांच्या स्पॅममध्ये जातात.

तीन नोंदी पाहा: एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क. आपल्या नावानं ईमेल पाठवायला कोणाला परवानगी आहे, हे एसपीएफ सांगतो, डीकेआयएम ईमेलवरची डिजिटल सही तपासायला लागतो आणि तपासणीत नापास झालेल्या ईमेलचं काय करायचं हे डीमार्क सांगतो. नेहमीची चूक अशी, की ईमेल एका कंपनीकडे असतो, प्रवेशाची पत्रं दुसरीच कंपनी पाठवते आणि तिच्यासाठी कुणीतरी दुसरी एसपीएफ नोंद घालतो. एका नावाला एकच एसपीएफ चालतो, दोन झाले की दोन्ही निकामी. सगळं एकाच ओळीत लिहा आणि त्यात होणाऱ्या डीएनएस विचारणा १० च्या आत ठेवा.

नेमसर्व्हर बदलताना 'एमएक्स' नोंद (ईमेल कुठे पोचवायचा ते सांगणारी) न्यायची राहिली तर ईमेल येणंच थांबतं. वेबसाइट चालू असल्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही.

१४. पाऊस आला की आमच्या इमारतीचं नेट का जातं?

कोणता पाऊस, यावर उत्तर बदलतं. एप्रिल-मे मधल्या वळवात विजा असतात. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल टाकली असेल तर तिच्यातून येणारा विजेचा दाब दोन्ही बाजूंचे स्विच जाळतो. शिवाय तांब्याची केबल १०० मीटरपर्यंतच भरवशाची. म्हणून इमारत ते इमारत फायबरच हवी, आणि स्विचच्या कपाटाला अर्थिंग हवंच.

जुलैच्या संततधारेत त्रास वेगळा. जमिनीखालच्या चेंबरमध्ये पाणी साचतं, जोडपेटीत शिरतं. झाडांवरून नेलेली फायबर फांदीसोबत खाली येते. तुटल्याची जागा ओटीडीआर या फायबर तपासण्याच्या यंत्रावर काही मीटरच्या फरकाने कळते, पण चिखलात खणून जोड मारायला वेळ लागतोच.

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेल्यावर नेट जात असेल तर त्या मजल्याच्या यूपीएसची बॅटरी पाहायला सांगा. तीन-चार वर्षांत ती उतरते. दिवा हिरवाच दिसतो आणि वीज गेली की दोन मिनिटांत सगळं बंद.

१५. नेटवर्क विभागाला माझं काय काय दिसतं?

कोणत्या वेळी, कोणत्या खात्यानं, कोणत्या साइटशी संपर्क केला, हे दिसू शकतं. एचटीटीपीएस असेल तर पानावरचा मजकूर, तुमचे संदेश आणि पासवर्ड दिसत नाहीत. लॉगिनच्या वेळी तुमच्या लॅपटॉपवर संस्थेचं प्रमाणपत्र बसवायला सांगितलं असेल तर मात्र मजकूरही उघडून पाहता येतो. असं सांगितलं तर कारण विचारा. तो तुमचा हक्क आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात. म्हणून स्वतःचं लॉगिन मित्राला देऊ नका: त्यानं काही केलं तर नोंद तुमच्या नावावर आहे.

१६. एज्युरोमवर पाहुण्या प्राध्यापकांचं लॉगिन चालत नाही.

एज्युरोम म्हणजे आपल्या संस्थेच्या लॉगिननं दुसऱ्या संस्थेत वायफाय वापरायची सोय. बहुतेकदा वापरनाव अपुरं लिहिलेलं असतं. त्यांच्या संस्थेचं डोमेन 'ॲट'च्या चिन्हासह पूर्ण लिहावं लागतं, कारण तपासणी त्यांच्याच संस्थेचा सर्व्हर करतो आणि विनंती कुठे पाठवायची हे त्या नावावरूनच ठरतं. पाहुण्यांनी निघण्याआधी स्वतःच्या कॅम्पसवर एकदा जोडून पाहावं. प्रमाणपत्र तपासू नका असा पर्याय दिसला तर तो निवडू नये, खोटं एज्युरोम उभं करणाऱ्याला पासवर्ड आयता मिळतो.

१७. तक्रार कशी लिहू म्हणजे लवकर काम होईल?

प्रश्न ७ च्या पायऱ्यांची उत्तरं लिहा. असं:

'होस्टेल ३, दुसरा मजला, खोली २१२. काल रात्री ९.४० पासून. वायफायला लॉगिन होतं, आयपी १०.२०.६.१४३ मिळतो. गेटवे आणि ८.८.८.८ दोन्हींना पिंग जातं. एनएसलुकअप टाइम्ड आउट. खोली २१० मध्येही तसंच. भिंतीतल्या केबलवर मात्र सगळं चालतं.'

एवढ्यावरून केबल, स्विच आणि फायबर तपासातून बाद होतात. तंत्रज्ञ जिना न चढता, होस्टेलच्या वायफायला डीएचसीपी डीएनएसचा कोणता पत्ता देतोय ते जागेवरूनच पाहतो.